संगणकातल्या गोगलगाई

माझ्या पहिल्या जंगलात उणे चाळीस कोल्हे होते.

ते जंगल संगणकात होतं. खरं सांगायचं तर आकड्यांच्या दोन रांगा होत्या, एक सशांची आणि एक कोल्ह्यांची. अंबाजोगाईच्या एका महाविद्यालयात मी तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. बेडकाचं काळीज, झुरळाचे जबडे, गांडुळाची आतडी या विषयांवर मला कुणीही, कधीही उठवून विचारावं. पण माझ्या वयाच्या बावन्नाव्या वर्षी अभ्यासक्रम बदलला आणि त्यात एक नवं प्रकरण आलं. तळं, कुरण, शेत अशी एखादी जिवंत व्यवस्था घ्यायची. तिच्यात कोण जन्मतं, कोण कुणाला खातं, कोण कशानं मरतं याचे नियम आकड्यांत मांडायचे. मग संगणकाला सांगायचं की आता हे दिवसामागून दिवस पुढं चालव, बघू काय होतंय. याला सिम्युलेशन म्हणतात आणि त्या मांडणीला मॉडेल. विभागातल्या दोघा तरुण सहकाऱ्यांनी हे प्रकरण मोठ्या आदरानं माझ्याकडं सरकवलं. मला तेव्हा संगणकावर फक्त गुणपत्रकं भरता येत होती.

शिकवणारं कोणी मिळेना, म्हणून मी संगणकशास्त्राच्या विभागात गेले. तिथं समीना नावाची प्राध्यापिका होती, माझ्या मुलीच्या वयाची. मी म्हटलं, "मला विद्यार्थिनी म्हणून घेशील का?" ती म्हणाली, "मॅडम, चारनंतर या. पण वही आणा. तुम्ही आम्हा सगळ्यांना वह्या आणायला लावता." ती आमच्याच महाविद्यालयात शिकलेली होती आणि अकरावीला माझ्या तासाला वही विसरल्याबद्दल वर्गाबाहेर उभी राहिली होती. मला ते आठवत नव्हतं. तिला चांगलंच आठवत होतं.

आठवड्यानं मी माझं जंगल तिला दाखवलं. तिनं चष्मा वर केला.

"मॅडम, हे कोल्हे उणे झालेत."

"उणे म्हणजे?"

"म्हणजे होते तेवढे सगळे मेले, आणि त्यानंतर आणखी चाळीस मेले."

मी हसले, पण मनातून ओशाळले. चूक कुठं आहे ते तिनं समजावून सांगितलं. मी जंगल एकेक महिन्याच्या उडीनं पुढं नेत होते. संगणक महिन्याच्या सुरुवातीला कोल्हे मोजायचा, त्यावरून महिनाभरात उपासानं किती मरतील ते काढायचा आणि तेवढे एकदम वजा करायचा. मधल्या काळात कोल्हे संपले की नाही हे तो बघतच नव्हता. "पाऊल लहान करा," समीना म्हणाली. "रोज एकदा जंगलात डोकावून या."

मी महिन्याचा दिवस केला. पडद्यावर दोन रेषा उमटल्या. ससे वाढले, त्यांच्यामागून कोल्हे वाढले, मग ससे घटले, कोल्हे उपाशी पडले, ससे पुन्हा वर आले. हा आलेख मी वीस-बावीस वर्षं फळ्यावर पुस्तकातून बघून काढत आले होते. तो असा दोन-चार साध्या नियमांतून आपोआप उगवतो, हे मला ठाऊकच नव्हतं. मी कितीतरी वेळ तिथंच बसून राहिले. समीनानं पंखा बंद केला, दिवे बंद केले आणि शेवटी म्हणाली, "मॅडम, जंगल उद्याही असेल."

हा नाद मला का लागला, त्याचं मूळ कदाचित लिंबागणेशला असेल. तिथं माझ्या वडिलांचं किराणा दुकान होतं. आम्ही लिंगायत, देवपूजा उरकून, गळ्यातलं लिंग नीट करून वडील दुकानाच्या पायरीवर बसायचे आणि समोरच्या ज्वारीच्या पोत्यात हात घालायचे. चार सोंडे हाताला लागले की म्हणायचे, "हे पोतं पंधरा दिवसांत काढायला पाहिजे." सोंडे म्हणजे धान्यातले ते चोचवाले बारके किडे. आज चार दिसतात आणि महिन्यात पोतं चालायला लागेल असं वाटतं. वडिलांनी कधी कागदावर काही मांडलं नाही, पण त्यांच्या डोक्यात मॉडेल होतं आणि ते क्वचितच चुकायचं. माझं मात्र अनेकदा चुकलं. त्यातली एक चूक सांगण्यासाठीच हा लेख लिहायला बसले आहे.

त्याआधी एका गिऱ्हाइकाविषयी सांगायला हवं. बाईंच्या कम्प्युटरात पुढचं दिसतं, ही बातमी कशी कोण जाणे, महाविद्यालयाबाहेर गेली. एक गृहस्थ जावयाच्या बदलीचं विचारायला आले, त्यांना चहा पाजून परत पाठवलं. पण शिरूर कासारहून दोन एसट्या बदलून एक शेतकरी आले, त्यांना परत पाठवणं जमलं नाही. ते म्हणाले, "बाई, माझ्या रानात हरणं लई झाल्यात. तुमच्या कम्प्युटरात थोडे लांडगे सोडून बगा की."

समीनाला कल्पना एकदम आवडली. आम्ही त्यांना त्यांच्या शिवाराविषयी विचारत गेलो आणि तासाभरात माळ, हरणं, लांडगे आणि शेजाऱ्याची मेंढरं असं सगळं मांडलं. लांडगे सोडले. हरणं कमी झाली. मग मेंढरंही कमी व्हायला लागली.

"मेंढरं कावून खाल्ली?" त्यांनी विचारलं.

"हरणं कमी झाली ना. मग त्यांनी पोट कुठं भरायचं?"

"शेजारी माजा साडू हाय," ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या लांडगे. हरणंच बरी." आणि समाधानानं परतीच्या एसटीला गेले. माझ्या हातून झालेलं सगळ्यात यशस्वी मॉडेल तेच, असं समीना अजून म्हणते.

आता गोगलगाईंचं.

अंबाजोगाईपासून जवळच एक वाडी आहे. तिचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या एका माणसाची तक्रार पुढं सांगायची आहे आणि तो माणूस वाईट नाही. तीन-चार पावसाळ्यांपूर्वी त्या वाडीतून गयाबाई नावाची एक बाई आमच्या विभागात आली. वय पन्नाशीचं, डोक्यावर पदर, हातात स्टीलचा डबा. दारातूनच तिनं विचारलं, "जनावरांच्या बाई तुमीच का?"

प्राणिशास्त्राचं इतकं सरळ भाषांतर मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी हो म्हणाले. तिनं डबा टेबलावर ठेवून उघडला. आत मुठीएवढी शंखी गोगलगाय होती, तपकिरी पट्ट्यांची, शिंगं बाहेर काढून डब्याची कड चाचपत होती.

"आमच्या सोयाबीनचं एक पान ठिवलं न्हाई ह्यांनी," गयाबाई म्हणाली. "उगवलं की खुडतात. दोनदा पेरलं. औषध टाकलं तर शेजारनीच्या कोंबड्या मेल्या. मंग आमी येचायला लागलो. बादल्याच्या बादल्या येचल्या, तरी सरंनात. आता तुमी सांगा, येचायच्या तरी कदी आन् किती?"

हा शेवटचा प्रश्न ऐकून मी खुर्चीत ताठ बसले. कधी आणि किती. मॉडेल ज्यासाठी करतात, नेमका तोच प्रश्न ती डब्यात घालून घेऊन आली होती.

आम्ही वर्षभर कामाला लागलो. प्रयोगशाळेत काचेच्या पेट्यांत गोगलगाई पाळल्या. ही जात अशी की प्रत्येक गोगलगाय नरही असते आणि मादीही, त्यामुळं अंडी घालायचं काम सगळ्याच करतात. ओलसर मातीत पुरलेली अंडी थेट साबुदाण्यासारखी दिसतात. पावसाळा संपला की या गोगलगाई शंखाचं तोंड पापुद्र्यानं बंद करून जमिनीत निजतात आणि जमीन भिजली की उठतात. मॉडेलमध्ये आम्ही चार खोके केले: अंडी, पिल्लं, मोठ्या आणि निजलेल्या. एका खोक्यातून दुसऱ्यात जाणारे बाण काढले. प्रत्येक बाणावर एक आकडा, म्हणजे रोज किती अंडी फुटतात, किती पिल्लं मोठी होतात, उन्हाळ्यात निजल्याजागी किती मरतात.

उन्हाळ्याचा हा शेवटचा आकडा काढायला मी स्वतः मुलामुलींना घेऊन मे महिन्यात वाडीला गेले होते. आम्ही मोकळ्या शेतांत खणलं. पांढरे पडलेले रिकामे शंख ढिगानं निघाले. जिवंत फार थोड्या. मला आनंद झाला. वहीत लिहिलं, उन्हाळ्यात बहुतेक मरतात.

गयाबाई बांधावर बसून बघत होती. ती म्हणाली, "बाई, बागंत बगितलं का?"

तिच्या शेताला लागून आबांची पपईची बाग होती. आबा म्हणजे वाडीतले मोठे जमीनदार, पूर्वी सरपंच होते आणि अजूनही वाडीत त्यांना विचारल्याशिवाय काही होत नाही. बागेला तारेचं कुंपण होतं, दाराला कुलूप होतं आणि ऊन चढलं होतं. मी "बघू" म्हणाले. तिनं जे विचारलं ते वहीत लिहिलं नाही.

मॉडेलनं उत्तर अगदी स्वच्छ दिलं. पीक खाल्लेलं दिसल्यावर वेचायला लागलं तर उपयोग थोडा, कारण तोपर्यंत अंडी पडलेली असतात. गोगलगाई उठल्या की पहिले दहा दिवस, अंडी घालायच्या आत, सगळ्या गावानं मिळून वेचल्या तर पीक वाचतं. जूनच्या तोंडाला शाळेच्या ओसरीत गाव जमलं. समीनानं भिंतीवर चित्र पाडलं. मी दोन रेषा दाखवल्या, वेचलं तर काय आणि नाही वेचलं तर काय. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "दहा दिस येचलं तर पीक ऱ्हातंय, हे नक्की का?"

मी म्हणाले, "नक्की."

हा शब्द त्याआधी मी वर्गात कधी वापरला नव्हता. विद्यार्थ्यांना मी शंभरदा सांगितलं होतं की सजीवांच्या बाबतीत नक्की असं काही नसतं. त्या दिवशी मागं भिंतीवर इतकी सुबक रेषा होती की मला मोह आवरला नाही.

गाव मात्र शब्दाला जागलं. जमीन भिजली, गोगलगाई उठल्या आणि दहा दिवस माणसं, बाया, ऊसतोडीहून परत आलेली कुटुंबं, सगळी पहाटे आणि दिवस मावळताना रानात होती. हाताला प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून वेचायचं आणि बादलीतल्या मिठाच्या पाण्यात टाकायचं. बांधावर गुळाच्या पाण्यात भिजवलेलं बारदान पसरायचं, सकाळी उचललं की खाली गोगलगाईंचा थर. दहाव्या दिवशी शेतं साफ होती. आबांनी कौतुकानं मला फोन केला. गोगलगाई चुना ओलांडत नाहीत म्हणून लोक बांधावर चुन्याचा पट्टा टाकायचे, तोही त्यांनी थांबवला, कारण बाईंनी सांगितलं होतं की आता काळजी नाही.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी गयाबाईचा फोन आला. "बाई, या बगायला," एवढंच बोलली.

मी आणि समीना लगेच निघालो. तिच्या शेतात वितीएवढ्या रोपांच्या जागी नुसत्या काड्या उभ्या होत्या. ओळीच्या ओळी. चिकट चकाकणाऱ्या रेघा मातीवरून आडव्या-तिडव्या गेलेल्या. तिच्या शेताखालून वाहणाऱ्या ओढ्याच्या कडेची आणखी सात-आठ शेतंही तशीच. बाकीचं शिवार मात्र हिरवं होतं. गयाबाईचे मालक बांधावर बसले होते, ते माझ्याकडं बघून नुसते उठून उभे राहिले, जसं पाहुण्यांसाठी उठतात. दुसऱ्या एका शेतातला तरणा माणूस म्हणाला, "कम्प्युटर बंद करा आता, बाई." त्याचं बोलणं सोसलं. गयाबाई काहीच बोलत नव्हती, ते सोसत नव्हतं.

मी विचारलं, "चुना का नाही टाकलास?"

विचारताक्षणी मला कळलं की मी काय विचारलं.

ती म्हणाली, "तुमी सांगितलतं ना."

महाविद्यालयात येऊन समीनानं सगळ्या ओळी तपासल्या. एकेक बाण, एकेक आकडा. संध्याकाळी ती म्हणाली, "मॅडम, गणित कुठंच चुकलेलं नाही." मला वाटलं होतं की चूक सापडेल आणि ती तिच्या प्रोग्रॅममध्ये असेल. माझ्या मनात तशी आशा होती, हे कबूल करते. ती पुढं म्हणाली, "मशीनला आपण एकच कोरडं शेत सांगितलंय. वाडीत ओली जागा कुठली आहे?"

मी वही उघडली. मे महिन्याच्या पानावर बागेविषयी काहीच लिहिलेलं नव्हतं, पण मला बांधावर बसलेली गयाबाई दिसली. बागेला बारा महिने ठिबक चालू. खाली पाल्याचा थर, सावली, ओल. तिथल्या गोगलगाई कशाला मरतील?

आम्ही मॉडेल नव्यानं मांडलं. यावेळी वाडीच्या नकाशावर चौकटी आखल्या. प्रत्येक चौकट कोरडी किंवा ओली, आणि गोगलगाय एका चौकटीतून शेजारच्या चौकटीत सरकू शकते. दहा दिवसांची वेचणी घातली. शेतं साफ झाली. मग बागेच्या चौकटीतून ठिपके निघाले आणि पसरत गेले. सगळ्यात आधी भरली ती गयाबाईच्या शेताची चौकट. समीनानं पडदा तिथंच थांबवला. जे एका प्रश्नात ती सांगून मोकळी झाली होती, ते कळायला आम्हाला एक पीक लागलं.

चार दिवसांनी मी पुन्हा शाळेच्या ओसरीत उभी राहिले. या खेपेला माणसं कमी होती. मी म्हणाले, "चूक माझी आहे. गयाबाईनं मला मे महिन्यात सांगितलं होतं. मी ऐकलं नाही." तीस वर्षांच्या नोकरीत मी चुका केल्या नाहीत असं नाही, पण लोकांसमोर उभं राहून सांगण्याची वेळ आली नव्हती. मग ते म्हातारे गृहस्थ, ज्यांनी 'नक्की का' असं विचारलं होतं, ते म्हणाले, "आसूद्या. आता फुडचं सांगा."

पुढचं सांगणं जास्त अवघड होतं. नवा नकाशा भिंतीवर पडला आणि बागेच्या जागी ठिपक्यांची गर्दी दिसली. आबा पुढच्या खुर्चीवरच बसले होते.

"माझी बाग तुमच्या कम्प्युटरात कुणी घातली?" त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. त्यांना तो चढवायची गरजच पडत नसे.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून गयाबाई म्हणाली, "मी घातली, आबा."

आबांनी वळून बघितलं. मग पुन्हा माझ्याकडं. "आमच्या बागंत गोगलगाई ऱ्हातच न्हाईत. माझी माणसं रोज येचतात."

"वेचून काय करतात?" समीनानं विचारलं. तिनं खरंच माहिती हवी म्हणून विचारलं होतं, मॉडेलमध्ये तो आकडा लागणार होता.

आबांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळी वाडी काकू म्हणते, बायांच्या घोळक्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सांगा की. तारंवरून पलीकडं टाकतात."

"जित्या?" गयाबाईनं विचारलं.

"जित्या," काकू म्हणाल्या. "मीठ कुठं आनायचं एवढ्यांना, म्हनले होते हे."

ओसरीत कोणीतरी हसू दाबलं. आबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. रागाचा नव्हता. एवढी मोठी जमीन असलेला माणूस, आयुष्यभर वाडीचे तंटे सोडवलेला, आणि त्याच्या गोगलगाई बादलीनं शेजारच्या बाईच्या शेतात जात होत्या. त्याचा पत्ता त्यांनाही नव्हता असं नाही, पण त्याचा असा नकाशा होईल हे त्यांच्या ध्यानी आलं नव्हतं. आमचं मॉडेलही अर्धंच खरं होतं म्हणायचं. गोगलगाई कुठून येतात ते त्यानं बरोबर दाखवलं, पण आम्हाला वाटलं होतं की त्या आपल्या पायानं येतात. त्या कुंपणावरून उडत येत होत्या.

थोड्या वेळानं आबा उठले. गयाबाईकडं न बघता म्हणाले, "वैनी, दुबार पेरनीचं बी माझ्याकडून न्या." आणि माझ्याकडं बघून, "उन्हाळ्यात बाग मोकळी हाय. कवा यायचं ते सांगा."

पुढच्या मे महिन्यात आम्ही बागेत गेलो. मी, समीना, आमच्या विद्यार्थिनी आणि निम्मी वाडी. पाला उकरला, ठिबकच्या नळ्यांखाली, दगडांच्या ढिगांत, बुंध्यांभोवती हात घातले. निजलेल्या गोगलगाई, शंखाची तोंडं बंद करून, एकमेकींना चिकटून पडलेल्या. मला जन्मात इतक्या एका जागी दिसल्या नव्हत्या. दोन दिवस वेचणी चालली. आबा खुर्ची टाकून बसले होते आणि कुणी ओंजळ भरून आणली की म्हणायचे, "आरं बापरं, ह्या माझ्याच का?" काकूंनी सगळ्यांना पिठलं-भाकरी केली. वेचलेल्या सगळ्या मिठाच्या पाण्यात गेल्या, आणि मीठ आबांनीच आणलं होतं.

जूनच्या आधी पुन्हा सभा झाली. या वेळी मी एका रेषेच्या जागी तीन दाखवल्या. पाऊस लवकर आला तर असं, मध्येच उघडीप पडली तर असं, ओढ्याच्या पलीकडच्या गावानं काहीच केलं नाही तर असं. त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "ह्यातलं नक्की कोनतं?"

"ते मला माहीत नाही," मी म्हणाले. "म्हणून बारदान पसरणं थांबवायचं नाही, आणि चुनाही."

ते मान हलवून म्हणाले, "हे बेस झालं."

त्या वर्षी गयाबाईचं सोयाबीन उभं राहिलं. ओढ्याकाठची एक लांब पट्टी खाल्ली गेली, तिथं दोघांना पुन्हा पेरावं लागलं. पलीकडच्या गावानं वेचलं नव्हतं आणि ओढ्याला कुंपण नसतं. त्या दोघांची शेतं मी जाऊन बघितली. मॉडेल चांगलं चाललं असं मी कुठंही सांगते तेव्हा ती पट्टी मला आठवते. पण तीन रेषांपैकी एकीत ती होती, आणि त्या दोघांना ते आधी ठाऊक होतं. एवढं मी माझ्या बाजूनं म्हणू शकते.

या धंद्याविषयी बाहेरच्यांना एकच सांगावंसं वाटतं. मॉडेलला भविष्य कळत नाही. आपल्याला काय वाटतं ते त्यात उघडपणे लिहावं लागतं, प्रत्येक बाणावर आकडा घालून, आणि मग कोणीही बोट ठेवून विचारू शकतं की हा आकडा कुठून आणला. माझ्या डोक्यात होता तोवर 'उन्हाळ्यात बहुतेक मरतात' हा समज कुणाला दिसला नसता. शिकायला उशीर झाला याचं वाईट वाटतं. तीस वर्षं मी मुलांना खात्रीच्या गोष्टीच शिकवल्या, आणि खात्री कशी तपासायची ते शिकवायला निवृत्तीच्या तोंडाशी सुरुवात केली. समीना म्हणते, तुम्ही उशिरा का होईना पण वही आणलीत. तिचं माझ्यावर प्रेम आहे, म्हणून ती असं बोलते.

मी निवृत्त झाले त्याला आता काही महिने झाले. मॉडेल समीनाकडं आहे, तिच्या वर्गातल्या मुली ते चालवतात. गयाबाई दर आठवड्याला एकाच ठरलेल्या जागी ओलं बारदान टाकते आणि खाली किती सापडल्या ते समीनाला फोनवर सांगते. गेल्या महिन्यात समीनानं तिला विभागात बोलावलं आणि पडद्यासमोर बसवलं. मीही गेले होते. प्रोग्रॅममध्ये प्रत्येक आकड्याला एक नाव द्यावं लागतं. समीनानं एका ओळीवर बोट ठेवलं आणि वाचून दाखवलं. गयाबाईला वाचता येतं, पण ते इंग्रजी अक्षरात होतं.

"हे 'गया' लिहिलंय," समीना म्हणाली. "तुमचं नाव आहे."

"माजं? माजं नाव तितं काय करतंय?"

मी सांगितलं, "सावलीत, ओलीत निजलेल्या गोगलगाईंतल्या किती जगतात, तो आकडा आहे हा. आम्ही विसरलो होतो आणि तू सांगितलंस, म्हणून समीनानं त्याला तुझं नाव दिलं. आता मुली रोज म्हणतात, गया किती धरायचं, गया वाढवून बघू का."

गयाबाईनं पदर सावरला आणि पुढं वाकून त्या ओळीकडं नीट बघितलं.

"ते वाढलं की गोगलगाई वाढतात का?"

"हो."

"मंग पोरींना सांगा," ती म्हणाली, "गया कमी करायची हाय."